वाचकांचे प्रश्न : हँडबिल छापावे की छापू नये?

छोट्या व्यवसायांच्या जाहिरातीविषयी या सदरासाठी जे प्रश्न आले, त्यांत छापील पत्रकांविषयीचे प्रश्न बरेच होते. कोणी त्यांना हँडबिल म्हणतात, कोणी पॅम्फ्लेट, तर कोणी नुसतेच 'कागद'. त्यांपैकी चार प्रश्न या अंकात घेतले आहेत. उत्तरे देणाऱ्याने आयुष्याची बरीच वर्षे छापखान्यात काढली असल्यामुळे कागदाविषयी त्याच्या मनात थोडा ओलावा आहे, हे वाचकांनी आधीच लक्षात घ्यावे.

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबाग भागात घरगुती पोळी-भाजी केंद्र सुरू केले असून महिन्याच्या डब्याचीही सोय ठेवली आहे. दोन हजार हँडबिले छापून पेपरातून टाकावीत, असे यजमानांचे म्हणणे आहे. भाचा म्हणतो की कागदावर पैसे घालवण्यापेक्षा इन्स्टाग्रामवर जाहिरात द्यावी. छपाई आणि वाटप मिळून 4,400 रुपये खर्च सांगितला आहे. काय करावे?
(एक वाचक भगिनी, सांगली)

उत्तर : आधी हिशेब करू, म्हणजे यजमान आणि भाचा यांच्यातला वाद निम्मा मिटेल. दोन हजार पत्रकांना 4,400 रुपये म्हणजे एक पत्रक एका घरात पोहोचायला 2 रुपये 20 पैसे पडले. महिन्याच्या एका डब्यामागे सगळा खर्च जाऊन आपल्या हाती 600 रुपये राहतात असे धरले, तर पहिल्याच महिन्यात पैसे वसूल होण्यासाठी आठ नवे डबे लागतील, म्हणजे अडीचशे घरांमागे एक. तोच ग्राहक तीन महिने टिकला तर तीन डब्यांतही खर्च भरून निघतो. हे अशक्य मुळीच नाही. मात्र सुट्या पोळ्या विकण्यासाठी हेच पत्रक काढले आणि एका पोळीमागे दीड रुपया सुटत असला, तर खर्च निघायला जवळजवळ तीन हजार पोळ्या लाटाव्या लागतील. म्हणून पत्रक महिन्याच्या डब्यासाठी काढावे आणि सुट्या पोळ्यांचा उल्लेख त्यात एका ओळीत करावा. आकडे मी अंदाजाने घेतले आहेत. आपण आपले घालून पुन्हा गुणाकार-भागाकार करावा.

हँडबिलाचा मोठा गुण म्हणजे ते न मागता घरात शिरते, आणि त्याचा मोठा दोषही तोच आहे. ज्या घरात सासूबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे आणि सून नोकरीला जाते, त्या घरात आपला कागद वेळेवर गेला तर तो फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली जाऊन बसतो. शेजारच्या घरात मात्र स्वयंपाकाला बाई आहेत आणि त्या उत्तम स्वयंपाक करतात. तिथे आपले 2 रुपये 20 पैसे सरळ रद्दीत जातात. कोणत्या घराला गरज आहे हे कागदाला कळत नाही. घर केंद्रापासून किती लांब आहे, एवढे मात्र आपण नक्की ठरवू शकतो, आणि डब्याच्या व्यवसायात तेच फार महत्त्वाचे असते, कारण जिथे डबा गरम पोहोचणार नाही तिथला ग्राहक मिळूनही उपयोग नसतो.

आता रंगाची एक जुनी युक्ती सांगतो. चार रंगी गुळगुळीत आर्ट पेपरच्या मोहात पडू नका. एकाच काळ्या शाईत, साध्या रंगीत कागदावर छपाई करून घ्या आणि मुद्रकाला सांगा की पाचशे प्रती गुलाबी, पाचशे पिवळ्या, पाचशे हिरव्या आणि पाचशे पांढऱ्या कागदावर हव्यात. मजकूर एकच असल्याने प्लेट एकच लागते आणि कागद बदलण्यापलीकडे मुद्रकाला काही करावे लागत नाही. मग गुलाबी प्रती एका वसाहतीत, पिवळ्या दुसऱ्या, असे वाटप करा. फोन करणाऱ्याला किंवा दारात येणाऱ्याला फक्त "कागद कोणत्या रंगाचा होता?" एवढे विचारायचे आणि वहीत चार रकाने करून खुणा करत जायच्या. महिनाभराने कोणत्या गल्लीतून ग्राहक आले आणि कोणत्या गल्लीत पैसे वाया गेले, हे त्या वहीतच दिसते. पुढच्या वेळी चार रंगांची गरज उरत नाही.

दोन हजार पत्रके एकाच दिवशी मात्र टाकू नका. या माध्यमाचा स्वभावच असा की फोन बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांतच येतात. त्या दिवसांत वीस डब्यांची मागणी आली आणि आपल्या ओट्यावर बाराच होऊ शकले, तर उरलेल्या आठ घरांत आपल्या नावाचा अनुभव 'डबा उशिरा आला' असाच राहील. पाचशे टाकावीत, आठवडाभर थांबावे, मग पुढची पाचशे. महिन्याचा डबा लोक बहुधा एक तारखेपासून लावतात, म्हणून महिन्याचा शेवटचा आठवडा चांगला. दसरा-दिवाळीच्या आधीचे रविवार टाळावेत, कारण त्या दिवशी पेपर उलगडताच साड्या, सदनिका आणि सोफा यांची पत्रके मांडीवर पडतात आणि त्या गर्दीत पोळी-भाजीचा कागद हरवतो.

मजकुरात दर लिहायला बहुतेक लोक कचरतात. मला ते पटत नाही. 'तीन पोळ्या, एक भाजी, आमटी, भात' असे स्पष्ट लिहून पुढे महिन्याचा दर, डबा पोहोचण्याची वेळ, सुट्टीचा वार आणि उपवासाच्या दिवशी काय मिळेल हे द्यावे, म्हणजे परवडत नाही तो फोनच करत नाही आणि आपला वेळ वाचतो. तोटा एवढाच की छापलेला दर बदलता येत नाही. पावसाळ्यात भाज्या कडाडल्या तरी कागदावरचा आकडा तसाच राहतो. म्हणून दराखाली तो कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे हे आठवणीने छापावे.

पत्रकाची मागची बाजू कोरी ठेवली तरी वाया जात नाही, हे आपल्याकडच्या घरांचे वैशिष्ट्य आहे. पाठकोरा कागद मराठी घरात सहसा फेकला जात नाही; त्याच्यावर वाण्याची यादी होते, दुधाचा हिशेब होतो, मुलांची गणिते होतात. त्याहून चांगले म्हणजे मागे पुढच्या सहा महिन्यांच्या संकष्टी आणि एकादशीच्या तारखा छापाव्यात. छपाईचा खर्च थोडा वाढतो, पण ज्या घरात पेपर आठवड्याला रद्दीत जातो त्याच घरात हा कागद सहा महिने भिंतीवर राहतो. तारखा पंचांगातून दोन वेळा तपासून घ्या. चुकीची एकादशी छापली तर लोक भाजीही चुकीची समजतील.

भाच्याचे म्हणणेही सोडून देऊ नका. विश्रामबाग परिसरात महाविद्यालये आहेत आणि खोली घेऊन राहणारी मुले आहेत. ती पेपर लावत नाहीत, त्यांच्यापर्यंत मोबाइलनेच पोहोचता येईल. पत्रकावर व्हॉट्सअॅपचा क्यूआर कोड छापला तर दोघांचेही समाधान होईल. भाजीवाल्याकडे पैसे देताना स्कॅन करायची सवय आता आजी-आजोबांनाही झाली आहे. कोड निदान दोन सेंटिमीटरचा असावा, त्याच्या चारही बाजूंना मोकळी जागा असावी आणि छपाईला देण्याआधी तो दोन वेगवेगळ्या मोबाइलवर तपासावा. हिरव्या किंवा गुलाबी कागदावर काळा कोड चालतो. गडद निळ्या कागदावर तो चालेल याची खात्री नाही.

जाता जाता एक सुचवतो. मिरज आपल्यापासून लांब नाही आणि तिथल्या रुग्णालयांत उत्तर कर्नाटकातूनही रुग्ण येतात. त्यांचे नातेवाईक आठ-पंधरा दिवस परक्या गावात राहतात, त्यांना घरगुती जेवण हवे असते आणि ते कुठे मिळेल हे त्यांना ठाऊक नसते. त्यांच्यासाठी रोजच्या दराचे वेगळे पत्रक काढून त्यात चार ओळी कन्नडमध्ये द्याव्यात आणि ते औषधांच्या दुकानांत व लॉजच्या काउंटरवर मालकांना विचारून ठेवावे. रुग्णालयाच्या आवारात परवानगीशिवाय वाटू नये. असा नेमका गरजू माणूस ठरावीक ठिकाणी सापडतो, तिथे कागदाचा दोष उरत नाही, गुण तेवढा राहतो.

प्रश्न : लातूरमध्ये माझे अकरावी-बारावीचे क्लासेस आहेत. प्रवेशाच्या दिवसांत दहा हजार रंगीत पत्रके वाटली. फोन आले अकरा आणि प्रवेश झाला एक. वाटप करणाऱ्याने फसवले असावे असा संशय आहे. पुढच्या वर्षी पुन्हा पत्रके काढावीत का?
(एक क्लासचालक, लातूर)

उत्तर : संशय अनाठायी नाही. साधारण ए-5 आकाराचे, 90 जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला 90 ग्रॅम भरणाऱ्या कागदाचे) एक पत्रक पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरते. दहा हजारांचे वजन सुमारे 28 किलो होते. पहाटे सायकलवर एवढे ओझे घेऊन दारोदार फिरण्यापेक्षा निम्मे रद्दीवाल्याकडे देणे सोपे असते आणि वर चार पैसेही मिळतात. या धंद्यातले हे उघड गुपित आहे. माझ्या छापखान्यातून सकाळी गेलेले गठ्ठे त्याच संध्याकाळी पलीकडच्या रद्दीच्या दुकानात दोरीसकट परत आलेले मी स्वतः पाहिले आहेत.

उपाय खर्चिक नाहीत. सगळी पत्रके एकदम कोणाच्याही हाती देऊ नयेत. रोज मोजून हजार द्यावीत. ज्या भागात वाटप आहे तिथली ओळखीची पाच-सहा घरे आधीच निवडून ठेवावीत, ती कोणती हे वाटणाऱ्याला सांगू नये, आणि सकाळी आठ वाजता फोन करून "आज पेपरात काय निघाले?" असे विचारावे. पेपरातून टाकायचे असेल तर पहाटे विक्रेते जिथे पेपरांची जुळणी करतात तिथे एकदा स्वतः जावे. रस्त्याच्या दिव्याखाली पोतडी अंथरून मुले डाव्या हाताने पेपर उघडतात आणि उजव्या हाताने पत्रक आत सारतात, तो वेग पाहण्यासारखा असतो. ज्याचे पत्रक आहे तो माणूस समोर उभा असला की गठ्ठा बाजूला राहत नाही. मुलांना चहा पाजावा, हे सांगायला नको.

पण आपल्या अपयशाचे मूळ फसवणुकीत असेलच असे मला वाटत नाही. लातूरला अकरावीसाठी येणारी पुष्कळ मुले नांदेड, बीड, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांतली असतात. लातूर शहरातल्या घराघरांत टाकलेली दहा हजार पत्रके त्यांच्या पालकांपर्यंत पोहोचणार कशी? जो ग्राहक एसटीने शहरात येतो, त्याला कागद एसटी स्थानकाजवळ, खानावळीत, खोल्या भाड्याने देणाऱ्यांकडे किंवा त्याच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात मिळायला हवा. दहा हजारांऐवजी दोन हजार पत्रके पुरली असती. दुसरे असे की पोळी-भाजीचा निर्णय एका कागदावर होतो, पण मुलाच्या दोन वर्षांचा आणि लाखाच्या घरातल्या फीचा निर्णय होत नाही. पत्रकात प्रवेश घ्या असे न म्हणता एखाद्या रविवारच्या मोफत चाचणीला किंवा पालकांच्या भेटीला बोलवावे. तिथून पुढचे काम शिक्षकाचे, कागदाचे नाही. अकरा फोनांपैकी दहा का परतले, हा प्रश्नही पत्रकाला नव्हे, फोन उचलणाऱ्याला विचारावा.

आपण पाठवलेल्या नमुन्यावर 'शंभर टक्के यशाची हमी' असे छापले आहे आणि गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचे फोटो आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 13 नोव्हेंबर 2024 रोजी शिकवणी क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत. त्यांनुसार यशाची वा निवडीची हमी देता येत नाही आणि विद्यार्थ्याचे नाव किंवा फोटो वापरायचा तर तो यशस्वी झाल्यानंतर घेतलेली त्याची लेखी संमती लागते. प्रवेशाच्या वेळीच फॉर्मवर सही घेऊन ठेवणे चालत नाही. छापील कागदाचा हा तोटा अनेकांच्या ध्यानात येत नाही. मोबाइलवरची जाहिरात काढून टाकता येते, पण दहा हजार घरांत गेलेला कागद परत घेता येत नाही आणि तक्रारदाराच्या हातात तो पुरावा म्हणून राहतो. 'मधुमेह मुळापासून बरा' अशी पत्रके वाटणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा 1954 चा कायदा पत्रकांनाही लागू होतो.

तेव्हा पत्रके काढावीत, पण कमी, वेगळ्या ठिकाणी आणि हमीची ओळ काढून.

प्रश्न : मी घरी डिझाइनचे काम करतो. पत्रकातील मराठी मजकूर माझ्या संगणकावर बरोबर दिसतो, पण छापून आल्यावर वेलांट्या आणि रफार सरकलेले असतात. ग्राहक मलाच बोल लावतो.
(एक तरुण वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ही चूक आपली आणि छापखान्याची, अशी दोघांची आहे. आपण मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला असणार. छापखान्यात डिझाइनच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती असेल किंवा सगळे काम जुन्या सांकेतिक फाँटमध्ये चालत असेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता मागे जाते, रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. मग 'किर्लोस्करवाडी' वाचताना वाचकाला घाम फुटतो. फाइल पाठवताना मजकुराचे रूपांतर रेषांमध्ये करून, म्हणजे छापखान्याच्या भाषेत 'कर्व्ह' करून, पीडीएफ द्यावी. रूपांतरानंतर मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी.

आणि पडद्यावर पाहून होकार देऊ नये. कागदावर प्रूफ काढावे, ते मोठ्याने वाचावे आणि त्यावरचा फोन नंबर आपल्या मोबाइलवरून लावून पाहावा. माझ्या हातून एकदा पाच हजार पत्रकांत नंबराचा शेवटचा आकडा चुकला. तो फोन एका निवृत्त गृहस्थांकडे जाणार होता, हे सुदैवाने वाटपाच्या आदल्या संध्याकाळी कळले. मी, माझी पत्नी आणि दोन कामगार रात्रभर बसून पाच हजार वेळा एक आकडा खोडून दुसरा लिहीत होतो.

प्रश्न : पेपर उघडला की चार-पाच जाहिराती खाली पडतात. सोसायटीच्या जिन्यात, गाडीच्या वायपरखाली, दाराच्या कडीत, जिकडे तिकडे कागद. हा कचरा थांबवता येत नाही का? वृत्तपत्राने हे पैसे घेऊन आम्हाला त्रास का द्यावा?
(एक ज्येष्ठ वाचक, डोंबिवली)

उत्तर : आपला राग रास्त आहे, पण त्याचा पत्ता थोडा चुकला आहे. पेपरात सरकवलेली सुटी पत्रके बहुधा वृत्तपत्राने नव्हे, स्थानिक विक्रेत्याने घेतलेली असतात आणि त्यांचे पैसेही त्यालाच मिळतात. पहाटे उठून लाइन टाकणाऱ्यांना नुसत्या पेपरवरच्या कमिशनमध्ये फारसे सुटत नाही. 2020 च्या टाळेबंदीत घरपोच पेपर काही काळ बंद झाले तेव्हा त्यांचे हे उत्पन्नही त्याबरोबर थांबले. तरीही आपल्याला पत्रके नको असतील तर तसे आपल्या पेपरवाल्याला सांगावे. ओळखीचा असेल तर तो आपला पेपर वेगळा काढून ठेवील.

दाराच्या कडीत अडकवलेल्या कागदांविषयी मात्र मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे. घर आठ दिवस बंद असले की कडीत पाच पत्रके साठतात आणि आत कोणी नाही हे जिन्यातून जाणाऱ्या कोणालाही कळते. गावाला जाताना शेजाऱ्यांना दूध बंद करायला सांगतो, तसेच कडीतले कागद काढायलाही सांगावे. सोसायटीने प्रवेशद्वाराजवळ एक लाकडी खोका ठेवून 'पत्रके येथेच ठेवावीत' अशी पाटी लावली, तर जाहिरातदाराचे काम होते, पहारेकऱ्याची हुज्जत टळते आणि ज्याला हवे तो कागद उचलून घेतो. भिंतीवर आणि विजेच्या खांबावर चिकटवलेल्या पत्रकांचा प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी महाराष्ट्रात मालमत्तेचे विद्रूपण रोखणारा 1995 चा कायदा आहे आणि तक्रार महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात करता येते.

कचऱ्याबद्दल एवढेच सांगतो की साधा कागद रद्दीतून पुन्हा कागदाच्या गिरणीत जातो, पण ज्यावर प्लास्टिकचा पातळ थर चढवलेला असतो तो सहसा जात नाही. फाडून पाहावे, कडेला पारदर्शक पापुद्रा निघाला तर तो कागद रद्दीत न टाकता सुक्या कचऱ्यात टाकावा. आणि कोणत्याही छापील पत्रकात भजी किंवा भेळ बांधू देऊ नये. छापील कागदाची शाई अन्नात उतरते, असा इशारा अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वृत्तपत्राच्या कागदाबाबत दिलेला आहे, आणि पत्रकांच्या शाईबाबतही तीच काळजी घेतलेली बरी.